साष्टीचे ख्रिस्ती पुराणिक : फादर थॉमस स्टीफन्स

सन १६१६ हें साल इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना शेक्सपियरच्या निधनामुळें परिचयाचें आहे. महाराष्ट्रांत त्या सुमारास एकनाथमहाराजांना समाधिस्थ होऊन सतरा वर्षें लोटलीं होतीं, आणि तुकारामबोवांची अभंगवाणी अद्यापि प्रकट व्हावयाची होती. त्याच वर्षीं गोव्याच्या दक्षिण भागांत, साष्टी प्रांतांतील रायतूर गांवीं, जेजुइट संघाच्या विद्यालयांत एक मोठा ग्रंथ छापून बाहेर पडला. त्याचें मुखपृष्ठ पोर्तुगीज भाषेंत होतें आणि अक्षरें रोमन होतीं. परंतु पान उलटून वाचूं लागतांच कानांवर पडे ती मराठी, आणि तीहि ओवीबद्ध! ग्रंथाचा विषय ख्रिस्तचरित्र. कर्ता विल्टशर परगण्यांत जन्मलेला एक इंग्रज धर्मगुरु. ‘ख्रिस्तपुराण’ या नांवानें आपण ज्याला ओळखतों तो हाच ग्रंथ, आणि त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

या ग्रंथाचें दैव विलक्षण आहे. सन १६४९ व सन १६५४ या सालीं तो पुनः छापला गेला. पण या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकाहि छापील प्रतीचा आज ठावठिकाणा लागत नाहीं. कर्त्याच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनीं, लोकांनीं आपली देशी भाषा सोडून द्यावी असा सरकारी हुकूम निघाला. ज्या संघाचे स्टीफन्स हे सभासद, त्या संघाचीहि पुढें गोव्यांतून हकालपट्टी झाली. इतकें होऊनहि ख्रिस्तपुराण नाहींसें झालें नाहीं. राजाश्रय, छापखाना आणि संघ हे तिन्ही आधार सुटल्यावर जें उरतें त्यालाच खरा वारसा म्हणावयाचें असेल, तर तो कसा निर्माण होतो हें पाहण्यास या पुरुषाचें चरित्र फार उपयोगी आहे.

स्टीफन्स यांचा जन्म सन १५४९ च्या सुमारास बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. वडील व्यापारी होते. मुलाचें शिक्षण विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेंत झालें. त्या वेळीं इंग्लंडांत एलिझाबेथ राणीचें राज्य होतें आणि प्रॉटेस्टंट पंथ हा राजमान्य पंथ होता. कॅथॉलिक माणसाला तेथें आपला धर्म उघडपणें पाळण्याची मुभा नव्हती. टॉमस पाउंड नांवाचे एक सधन गृहस्थ, पूर्वीं राणीच्या दरबारांत वावरलेले, हे स्टीफन्स यांचे स्नेही व आश्रयदाते होते. दोघांनीं मिळून रोमला जावें व जेजुइट संघांत प्रवेश करावा असें ठरलें. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले, आणि पुढें आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें त्यांनीं निरनिराळ्या तुरुंगांत काढलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले व २० ऑक्टोबर १५७५ रोजीं संघांत दाखल झाले. धर्माच्या बाबतींत राजसत्तेची सक्ती म्हणजे काय, याचा अनुभव त्यांना असा मायदेशींच मिळाला होता. पुढें ज्या देशीं ते गेले तेथें तीच सक्ती त्यांच्या स्वतःच्या पंथाच्या हातीं होती, ही विसंगति ध्यानांत ठेवल्यावांचून त्यांच्या कार्याचें खरें मोल कळणार नाहीं.

सन १५७९ च्या एप्रिलच्या ४ तारखेस ते लिस्बनहून गलबतांत बसले आणि ऑक्टोबरच्या २४ तारखेस गोव्यास उतरले. हा साडेसहा महिन्यांचा प्रवास त्यांनीं वडिलांस धाडलेल्या पत्रांत वर्णिला आहे. आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाजवळचीं वादळें, गलबताभोंवतीं फिरणारे मासे व पक्षी, आणि ताज्या अन्नाच्या अभावीं हिरड्या व पाय सुजून लोकांना जडणारी व्याधि, हें सारें त्यांत आलें आहे. दीडशेंहून अधिक लोक आजारी पडले आणि त्यांतले सत्तावीस दगावले, असा हिशेबहि त्यांत आहे. हें पत्र पुढें हॅक्लूट या संग्राहकाच्या प्रवासवर्णनांत छापलें गेलें व इंग्लंडांतील व्यापाऱ्यांनीं तें आवडीनें वाचलें. हिंदुस्थानांत येऊन कायमचा राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचें नांव सामान्यतः सांगतात.

ते ज्या साष्टी प्रांतांत काम करूं लागले तेथली स्थिति कशी होती ? गोवा बेट पोर्तुगीजांनीं सन १५१० मध्यें जिंकलें. साष्टी व बारदेश हे प्रांत सन १५४३ मध्यें त्यांच्या हातीं आले. सन १५६० मध्यें इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारें धर्मन्यायालय, गोव्यांत सुरू झालें. सन १५६७ मध्यें साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. हिंदूंच्या घरांतील पोथ्या शोधून त्या जप्त करण्याचा क्रम चालू होता. कित्येक कुटुंबें आपले देव घेऊन, खाडी ओलांडून, पलीकडच्या मुलखांत गेलीं; जीं राहिलीं त्यांतल्या पुष्कळांनीं नवा धर्म पत्करला. या दडपणाचा उद्रेक सन १५८३ च्या जुलैमध्यें कुंकळ्ळी येथें झाला. अकबर बादशहाच्या दरबारांतून नुकतेच परत आलेले फादर रुडॉल्फ आक्वाविव्हा व त्यांचे चार सहकारी चर्चसाठीं जागा पाहण्यास तेथें गेले असतां गांवकऱ्यांनीं त्यांस ठार केलें. त्यावर सरकारनें जो सूड घेतला तो अधिकच दारुण होता. बोलणीं करण्याच्या निमित्तानें गांवच्या पुढाऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावण्यांत आलें आणि तेथें त्यांची कत्तल झाली.

मारले गेलेले पांचहि जण स्टीफन्स यांच्याच संघाचे होते. अशा वेळीं परक्या माणसाच्या मनांत भय उपजावें, द्वेष उपजावा, हें स्वाभाविक. पण कुंकळ्ळीच्या घटनेनंतर तीनच महिन्यांनीं, २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं, स्टीफन्स यांनीं आपल्या रिचर्ड नांवाच्या भावास एक लॅटिन पत्र लिहिलें. त्यांत या देशच्या भाषांविषयीं मोठ्या कौतुकानें लिहून त्यांनीं एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली : या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनीं सन १७८६ मध्यें कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या आप्तसंबंधाचा सिद्धांत मांडला व त्यांतून तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला. त्या सिद्धांताची पुसट चाहूल दोनशें वर्षें आधीं साष्टींतल्या या धर्मगुरूला लागली होती. ज्यांच्या गांवीं आपले सहकारी मारले गेले त्यांच्या बोलीचें व्याकरण तो मन लावून न्याहाळीत होता !

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक प्रसंग घडला. न्यूबेरी, फिच वगैरे कांहीं इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून ओर्मुझ येथें पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत येऊन पडले. ते एलिझाबेथ राणीच्या मर्जींतले प्रॉटेस्टंट पक्षाचे लोक. स्टीफन्स हे त्याच राणीच्या कायद्यामुळें देशांतर केलेले. तरी त्यांनीं खटपट करून जामीन मिळवून दिले व त्यांची सुटका करविली. ही हकीकत खुद्द त्या व्यापाऱ्यांच्याच लेखांवरून कळते.

यानंतर चाळिसांहून कांहीं कमी वर्षें स्टीफन्स यांचें आयुष्य साष्टींतल्या गांवांत गेलें. मुलांना धर्मशिक्षण देणें, आजाऱ्यांचा समाचार घेणें, रविवारीं प्रवचन करणें, असें त्या आयुष्याचें स्वरूप होतें. त्यांतूनच पुराणाचा जन्म झाला. ग्रंथाच्या आरंभींच त्याचें कारण सांगितलें आहे. धर्मशिक्षण चालू असतां एक ब्राह्मण उठून पाद्रींना विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं ? पूर्वीं सायंकाळीं देवळाच्या मंडपांत, चातुर्मासांत ओसरीवर, पोथी वाचली जाई, बायकामुलें ऐकत, त्यांत त्यांचें मन रमे. नव्या धर्मानें त्यांना नियम दिले, प्रार्थना दिल्या. पण कथा दिली नाहीं, ओवी दिली नाहीं. त्या प्रश्नांत तक्रार आहे आणि याचनाहि आहे. चौकशी करणाऱ्या न्यायालयाच्या छायेंत हा प्रश्न ग्रंथारंभीं छापण्यास धैर्य लागलें असेल. ज्यांनीं तो हिरावला त्यांच्याच पक्षांतील एका माणसानें लोकांचा तोटा मान्य करावा आणि त्याची भरपाई स्वतःच्या हातांनीं करण्यास बसावें, हें त्या काळांत दुर्मिळ होतें.

भरपाई त्यांनीं मनापासून केली. ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पैलें पुराण’ यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वींपर्यंतची बायबलांतील कथा छत्तीस अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, सांगितली आहे. ‘दुसरें पुराण’ यांत येशू ख्रिस्ताचें चरित्र एकोणसाठ अवस्वरांत आलें आहे. एकंदर ओव्या १०,९६२ भरतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांची संख्या सुमारें नऊ हजार आहे हें लक्षांत घेतलें म्हणजे या उद्योगाचा आवांका ध्यानांत येईल. आरंभीं परमेश्वराचें वंदन, मग ग्रंथप्रयोजन, मग श्रोत्यांस विनवणी, अशी आपल्या पुराणकारांची रीत त्यांनीं जशीच्या तशी उचलली. स्वर्गाला ते ‘वैकुंठ’ म्हणतात. कांहीं पारिभाषिक शब्द मात्र त्यांनीं पोर्तुगीज किंवा लॅटिनच ठेवले आहेत. ओवीचे पहिले तीन चरण यमकानें बांधून चौथा आंखूड ठेवण्याची जी धाटणी, ती त्यांच्या हातीं सहज वळते.

भाषेच्या निवडींतहि त्यांनीं मोठा विचार केला. साष्टींतल्या लोकांची घरांतली बोली कोंकणी. पण पोथीची, कीर्तनाची भाषा मराठी. म्हणून त्यांनीं ग्रंथ मराठींत लिहिला आणि लोकांना सुलभ जावें म्हणून त्यांत कोंकणी वळणाचे शब्द मिसळले. बोलीचा त्यांना तिरस्कार नव्हता. कोंकणींत त्यांनीं प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचें पुस्तक लिहिलें. तें सन १६२२ मध्यें छापलें गेलें. कोंकणीचें त्यांनीं रचलेलें व्याकरण सन १६४० मध्यें रायतूर येथें प्रसिद्ध झालें. हिंदुस्थानांतील भाषांच्या छापील व्याकरणांत तें अगदीं आरंभींच्यांपैकीं आहे. मराठीची त्यांनीं पुराणाच्या पहिल्याच अवस्वरांत जी स्तुति केली आहे ती तर सर्वश्रुत आहे. रत्नें, फुलें, सुगंध, पक्षी, वृक्ष, आकाशांतील राशि, यांतून उत्तमांत उत्तम निवडून त्यांच्याशीं ते मराठीची तुलना करतात. ज्ञानेश्वरांनीं व एकनाथांनीं मराठीचा अभिमान धरला तो संस्कृत पंडितांच्या पुढें. या परदेशीय साधूनें तो धरला तो मराठी पोथ्या जप्त करणाऱ्या सत्तेच्या पुढें.

एका गोष्टींत मात्र त्यांची इच्छा पुरी झाली नाहीं. हा ग्रंथ देशी लिपींत छापावा असें त्यांना फार वाटे. हिंदुस्थानांतला पहिला छापखाना सन १५५६ मध्यें गोव्यास आला होता, पण त्यांत देशी लिपीचे खिळे नव्हते. सन १६०८ मध्यें रोमला संघाच्या मुख्य अधिकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रांत स्टीफन्स यांनीं हे खिळे पाडण्याची अनुज्ञा मागितली. अडचण काय ती त्यांनींच सांगितली आहे : युरोपांत चोवीस अक्षरांनीं काम भागतें, पण येथें व्यंजनाला स्वर जडतांच आकृति बदलते, त्यामुळें सुमारें सहाशें निरनिराळे सांचे लागतात. अखेर तें घडलें नाहीं आणि मराठी ओव्यांना रोमन वेष चढवावा लागला. मुखपृष्ठावर इन्क्विझिशनची परवानगी छापलेली होती. पोथ्या जप्त करणाऱ्या न्यायालयाच्या शिक्क्यानें साष्टीच्या घरांत पुराण परत आलें !

रविवारीं व सणाच्या दिवशीं चर्चमध्यें धर्मशिक्षण झाल्यावर हें पुराण वाचून दाखवावयाची चाल पडली. ग्रंथ छापल्यावर तीन वर्षांनीं, सन १६१९ मध्यें, स्टीफन्स यांनीं गोव्यांतच देह ठेवला. हिंदुस्थानांत येऊन त्यांस चाळीस वर्षें झालीं होतीं. इंग्लंड त्यांनीं पुनः पाहिलें नाहीं. त्यांच्या मागून एतिएन द ला क्र्वा या फ्रेंच जेजुइटानें संत पीटर याच्या चरित्राचें पुराण रचलें. तें सन १६२९ पासून छापलें जाऊं लागलें. म्हणजे एका माणसानें पाडलेली वाट दुसऱ्यांनींहि चालण्याजोगी ठरली.

परंतु लवकरच वारें फिरलें. धर्मगुरूला लोकांची भाषा आलीच पाहिजे असा ठराव सन १६०६ मध्यें गोव्याच्या धर्मपरिषदेनें केला होता. ती दृष्टि मागें पडली. सन १६८४ च्या जूनमध्यें व्हाइसरॉय कौंट आल्व्होर यांनीं फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीजच बोलावें. सन १७५९ मध्यें जेजुइटांना पोर्तुगीज मुलखांतून घालवून देण्यांत आलें. रायतूरच्या विद्यालयांतून संघाचें बिऱ्हाड उठलें. छापील प्रती जीर्ण झाल्या, हरवल्या, नष्ट झाल्या.

मग पुराण राहिलें कोठें ? तें राहिलें शेतकऱ्यांच्या व भटकारांच्या घरांत, हातानें उतरून घेतलेल्या वह्यांत. इन्क्विझिशनचा जाच, दुष्काळ, लढाया, करांचें ओझें, यांना कंटाळून गोव्यांतलीं अनेक ख्रिस्ती कुटुंबें सतराव्या-अठराव्या शतकांत दक्षिणेकडे कानडा प्रांतांत, मंगळूरच्या आसपास, जाऊन राहिलीं होतीं. त्यांनीं बरोबर नेलेल्या थोडक्या चीजवस्तूंत या वह्याहि होत्या. सन १७८४ मध्यें टिपू सुलतानानें या समाजाला कैद करून श्रीरंगपट्टणास नेलें. त्यांचीं चर्चें पाडलीं गेलीं, धर्मगुरु दूर झाले. सन १७९९ मध्यें टिपूचा पाडाव होईतों ही कैद चालली. त्या पंधरा वर्षांत पुराणाच्या ओव्यांनीं आपली श्रद्धा जागती ठेविली, असें त्या समाजांत परंपरेनें सांगत आले आहेत. गोव्यांत सक्तीनें पोथी हिरावली गेली तेव्हां जिचा जन्म झाला, ती पोथी दुसऱ्या एका सक्तीच्या काळीं अशी उपयोगी पडली.

या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालदान्य यांनीं सन १९०७ मध्यें मंगळूर येथें ख्रिस्तपुराण पुनः छापलें. सुमारें अडीचशें वर्षांच्या खंडानंतर तें छापील रूपांत अवतरलें. स्टीफन्स यांचें व्याकरण त्यापूर्वींच, सन १८५७ मध्यें, कुन्य रिव्हार या विद्वान पोर्तुगीज अधिकाऱ्यानें पुनः प्रसिद्ध केलें होतें. पुढें लंडन येथील मार्सडेन यांच्या संग्रहांत पुराणाची एक देवनागरी प्रत असल्याचें अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनीं अभ्यासकांच्या नजरेस आणलें. सन १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली; सन १९९६ मध्यें फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ति निघाली. सन १६०८ मध्यें ज्या लिपीसाठीं स्टीफन्स यांनीं रोमला विनंति धाडली होती, ती लिपि त्यांच्या छापील ग्रंथाला अशी साडेतीनशें वर्षांनीं लाभली.

स्टीफन्स हे धर्मप्रसारक होते, आणि आपलाच धर्म खरा अशी त्यांची निष्ठा होती, हें विसरून त्यांचें गुणगान करणें योग्य होणार नाहीं. देवळें पाडणाऱ्या राजवटीच्या आश्रयानें ते राहिले, आणि तिच्याविरुद्ध त्यांनीं बंड पुकारलें नाहीं. कुंकळ्ळीच्या वंशजांना तो काळ आठवला तर त्यांना वेदना होणें साहजिक आहे. परंतु त्याच राजवटीनें त्याच प्रांतांत जें हुकुमानें केलें आणि या एका माणसानें जें सेवेनें केलें, त्या दोहोंचा शेवट काय झाला हें इतिहासानें आपल्यापुढें मांडून ठेविलें आहे. इन्क्विझिशन सन १८१२ मध्यें कायमचें बंद झालें. भाषाबंदीचें फर्मान तीन वर्षांचें होतें, पण तीनशें वर्षांनंतरहि साष्टींतल्या आया आपल्या लेकरांना कोंकणींतच निजवीत होत्या. पोर्तुगीज सत्ता सन १९६१ मध्यें संपली. ज्यांची श्रद्धा दंडाच्या भयानें निर्माण झाली असेल त्यांना ती सोडण्यास यांतली प्रत्येक घटना हें निमित्त होतें. ती त्यांनीं सोडली नाहीं. कारण मध्यंतरीं ती त्यांच्या स्वतःच्या ओवींतून त्यांच्या स्वतःच्या घरांत आली होती.

याचें मर्म स्टीफन्स यांच्या कामाच्या पद्धतींत आहे. त्यांनीं लोकांना आपल्या भाषेकडे ओढलें नाहीं. स्वतः त्यांच्या भाषेकडे चालत गेले, आणि तेथें पोंचण्यास आयुष्याची तीन-चार दशकें खर्ची घातलीं. आपल्या संतांनींहि हेंच केलें, म्हणून ज्ञानेश्वरींतले विचार पंडितांच्या दप्तरांत न राहतां वारकऱ्यांच्या मुखीं गेले. ख्रिस्ती सेवाधर्माचा जो आदर्श, कीं सेवकानें सेव्याचें रूप घ्यावें, तो स्टीफन्स यांनीं वाणीच्या क्षेत्रांत आचरून दाखविला.

आज पर्वरी येथें कोंकणीच्या अभ्यासासाठीं जेजुइट संघानें चालविलेली संस्था थॉमस स्टीफन्स यांच्याच नांवानें ओळखली जाते. आणि महाराष्ट्रांत मराठीच्या गौरवाचा प्रसंग आला कीं, शाळांतून, सभांतून, त्यांच्या त्या स्तुतिपर ओव्या हटकून म्हटल्या जातात. म्हणणारांपैकीं पुष्कळांना त्या ख्रिस्ताच्या पुराणांतल्या आहेत हें ठाऊकहि नसतें. पोथी मागणाऱ्या त्या साष्टीच्या ब्राह्मणाला मिळालेलें उत्तर अशा रीतीनें सगळ्या मराठी मुलखाच्या तोंडीं बसलें आहे.